लोणारचा उलटा खडक

लोणारला आलेला माणूस काठावर उभा राहतो आणि आत पाहतो. खाली खारं हिरवट पाणी, भोवती दाट झाडी, झाडीत जुनी देवळं. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या देशानं आत पाहिलं. भूवैज्ञानिक मात्र बऱ्याचदा तळ्याकडे पाठ करून निघतो. रस्त्यासाठी कापलेली दरड, मुरमाची जुनी खाण, ओढ्यानं खरवडलेला काठ अशा जागा तो शोधत असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या या उल्काघात विवराची सगळ्यात मोलाची नोंद पाण्यात नाही, बाहेरच्या वावरांत पडली आहे, असं माझं ठाम मत आहे.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. खडक आपल्या ओळखीचाच, दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्यामुळे इथले थर मुळात जवळपास आडवे. काही थरांच्या मध्ये लाल मातकट पट्टा असतो, कुठे खडकात पोकळ्या आणि त्यांत पांढरे स्फटिक असतात. या खुणांवरून थर ओळखता येतात, आणि क्षेत्रकामाची सुरुवात या ओळखीपासूनच होते.

मग चढउतार. विवराच्या आतल्या उतारावर घळीघळीतून चालायचं, जिथे खडक उघडा पडला आहे तिथे होकायंत्र टेकवून थराचा कल मोजायचा, नकाशावर मांडायचा. पावसाळ्यानंतरचं गवत वाळलं की हे काम सोपं होतं. खाली साधे वाटणारे थर वर जावं तसे विवराच्या बाहेरच्या बाजूला झुकू लागतात. काठाजवळ कल वाढतो, आणि काही ठिकाणी तर थर पूर्ण पालथा पडलेला सापडतो. तव्यावरची भाकरी उलटावी तसा सगळ्यात वरचा खडक बाहेर उलटून पडला आहे. धरणीखालून नुसता लाव्हा वर आला असता तर असं झालं नसतं.

काठाबाहेर किलोमीटर-सव्वा किलोमीटर अंतरापर्यंत विवरातून फेकलेल्या खडकाची चादर पसरली आहे. तिच्यात लहानमोठे धोंडे आणि भुगा एकत्र कालवलेला दिसतो. बहुतेक धोंडे नुसते फुटलेले आहेत. त्यांच्यावर कुठे कुठे एक पातळ थर आढळतो, आणि त्यात वितळून काचेसारखा झालेला खडक असतो. चांगल्या छेदात या चादरीखाली स्फोटापूर्वीची जमीनही दिसते. उल्का येण्याआधी जी माती उन्हात पडली होती, तीच ही माती. ती बोटानं चाचपून पाहता येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे विवर उल्केच्या आघातानं झालं, हे सिद्ध व्हायला मात्र दीड शतक लागलं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये तळ्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीच्या खात्यावर जमा होतं, आणि ते स्वाभाविकच होतं, कारण चहूकडे ज्वालामुखीचाच खडक. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनाच्या विवराशी लोणारचं साम्य दाखवलं, पण स्फोटाचं कारण त्यांनीही वाफेतच शोधलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळ्याच्या तळाशी छिद्रं पाडली गेली. सुमारे शंभर मीटर गाळाखाली चुरडलेला खडक लागला. त्याचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे पापुद्रे घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज धक्क्याच्या दाबानं, न वितळता, काचेत बदललं की ते मॅस्केलिनाइट होतं. त्यासाठी वातावरणाच्या जवळपास तीन लाख पट दाब लागतो. कुठलाही ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही. फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडलं आणि वाद मिटला.

वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. काचेच्या तप्तदीप्ती मापनानं सुमारे ५२ हजार वर्षं दिली. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघाली. दहापट फरक! हा आर्गॉन पोटॅशियमपासून तयार होतो, आणि बेसॉल्टमध्ये पोटॅशियम थोडं, त्यामुळे त्याचं मापन अवघडच. तंटा सुटायचा तर नवे नमुने लागणार, आणि प्रत्येक नमुना नेमका कोणत्या थरातला हे जागेवरच टिपावं लागणार.

बेसॉल्टमधली उल्काघात विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा, म्हणून तिथली लहान विवरं समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक इथे येतात. पण लोणार अभयारण्याची हद्द विवराभोवतीच फिरते. फेकलेल्या खडकाचा बराचसा भाग तिच्या बाहेर, शेतांत आणि खाणींत आहे. ज्या खाणीनं छेद उघडा केला, तीच खाण तो संपवूही शकते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचं पोट त्या वावरावर आहे. पण निवडक छेद ताब्यात घेऊन, कुंपण घालून, शेजारी मराठीत माहितीफलक लावणं शासनाला अवघड नाही, आणि ते लवकर व्हायला हवं. लोणारला गेलात तर थोडा वेळ काठाबाहेरच्या रिंगणासाठी राखून ठेवा, उघडी दरड निवांत पाहा, आणि तिथला एकही दगड उचलून घरी आणू नका.