सुप्याच्या वह्या आणि ताईचं खातं

मुलांनो, आमच्या सुप्याचं नाव इतिहासात दोनदा येतं. एकदा शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीत आणि दुसऱ्यांदा १२ मे १८७५ या तारखेला. (पारनेरचं सुपे वेगळं बरं का! आमचं बारामती तालुक्यातलं.) त्या दिवशी कर्जानं गांजलेले शेतकरी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय मागितलं असेल? हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे! वह्यांची होळी झाली. त्यांत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, नुसता अंगठा उठवायचा. इथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. शेवटी १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

परवा मधल्या सुट्टीत ही गोष्ट आठवली, ती एका निराळ्याच खात्यामुळे. माझी एक जुनी विद्यार्थिनी शाळेत दाखल्याच्या कामासाठी आली होती. बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पोरांनी तिला गराडा घातला. तिनं मोबाइल काढून दाखवला, "हे बघा माझं खातं. यात क्रेडिट जमा होतात."

"व्याज किती मिळतं?" चौथीतल्या एकानं लगेच विचारलं. सगळे हसले, पण प्रश्न काही वाईट नव्हता.

त्याचं असं आहे. २९ जुलै २०२० रोजी देशाचं नवं शैक्षणिक धोरण मंजूर झालं. आपल्या राज्यात कॉलेजांमध्ये ते टप्प्याटप्प्यानं आलं. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, बाकीच्यांत २०२४-२५ पासून. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं. पदवी मात्र विद्यापीठाचीच. बारामतीचं १९६२ सालचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय तसं आहे. आपलं विद्यापीठ म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीतलं, १९४९ मध्ये सुरू झालेलं. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.

आता क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. वर्गात साधारण पंधरा तास शिकलात की एक श्रेयांक. प्रयोगशाळेत तीस तास. एका सत्रात वीस-बावीस जमवायचे. मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतलाही एखादा विषय घ्यायचा, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यायचा. ऐकायला छान वाटतं. पण ताई म्हणाली, "बाई, यादीत विषय खूप असतात. शिकवायला माणूस असेल तोच घ्यायचा!" शिवाय तासांमध्ये मोकळा वेळ पडतो आणि शेवटचा तास संपेपर्यंत एसटी निघून जाते. पुण्यात बसून वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा सुप्याच्या स्टँडवर उभं राहून बघावं, असं मला आपलं वाटतं.

हे श्रेयांक तिच्या स्वतःच्या नावावर जमा होतात. तुमच्यापैकी पुष्कळांचा बारा आकडी 'अपार' क्रमांक आम्ही शिक्षकांनीच भरला ना? पुढे तोच या खात्याला जोडला जाणार.

पूर्वी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सुटलं की गुणपत्रिकेशिवाय हाती काही पडत नसे. आता एक वर्ष पुरं करून चार श्रेयांकांचा जादा कोर्स किंवा प्रत्यक्ष काम केलं, की प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी तसंच करून पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी.

मी डीएड झालेली. बारावीनंतर दोन वर्षं शिकले आणि खडू हातात घेतला. नव्या धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची बीएड पदवी लागेल. माझ्या वर्गातल्या कुणाला बाई किंवा गुरुजी व्हायचं असेल, तर माझी वाट त्यांना उपयोगी नाही. जरा चमत्कारिक वाटतं खरं.

पण ताईला त्या दिवशी निराळंच विचारायचं होतं. तिची मैत्रीण पहिलं वर्ष झाल्यावर, जून २०२५ मध्ये थांबली. जादा कोर्स केला, प्रमाणपत्र घेतलं आणि तिचं लग्न झालं. इंदापूरकडे दिली. आता घरचे म्हणतात, "प्रमाणपत्र आलं की, आणखी काय शिकायचं?"

मला धस्सच झालं. मध्येच बाहेर पडायचं दार अडचणीतल्या मुलामुलींसाठी ठेवलं, पण काही घरांतून मुलींना त्याच दाराकडे बोट दाखवलं जाणार! पूर्वी आईबाप म्हणायचे, "सुरू केलंय तर पदवी तरी होऊ दे." आता तेवढंही म्हणायला नको. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाईंचं शिकणं तर लग्नानंतरच सुरू झालं होतं.

मी नियम काढून बघितला. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची असते. कॉलेजही तेच हवं असं नाही. इंदापूरकडच्या कॉलेजनं जागा दिली, तर तिचे श्रेयांक तिच्याबरोबर जातील.

"म्हणजे तिची तीन वर्षं कधी संपतात, बाई?"

व्हरांड्यात उभ्या उभ्या पोरांनीच बोटांवर मोजलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मग व्याज विचारणारा तो चौथीतला धावत वर्गात गेला आणि खडूनं फळ्यावर मोठ्ठं लिहून आला : जून २०२८. ताईनं फळ्याचा फोटो काढला, मैत्रिणीला पाठवला आणि ती एसटी गाठायला पळाली.