उद्या जातो : स्पॅनिशमधला वर्तमानकाळ आणि उद्याची गोष्ट

भाषा आणि काळ या विषयात आज आपण एकच लहानसं वाक्य घेऊ. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मान्याना बोय आ माद्रिद.' मान्याना म्हणजे उद्या, बोय म्हणजे मी जातो. शब्दाला शब्द ठेवला तर, 'उद्या जातो माद्रिदला'. क्रियापद वर्तमानकाळाचं आणि गोष्ट उद्याची.

स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांची इथे गंमत होते. मराठीत आपण दिवसभर हेच करत असतो. 'तुला उद्या फोन करतो', 'गाडी आठला सुटते', 'रविवारी येतोस ना?' पण स्पॅनिशच्या वर्गात बसलं की मराठी बाहेर राहते आणि इंग्रजी मधे येऊन बसते. 'उद्या' दिसला की भविष्यकाळाचं रूप हुडकायचं, ही शाळेपासूनची सवय. मग जिथे 'ते यामो मान्याना', तुला उद्या फोन करतो, एवढं पुरे असतं, तिथे विद्यार्थी 'ते यामारे मान्याना', फोन करीन, असं म्हणतो. व्याकरणात ते बरोबरच आहे. फक्त मित्राशी गप्पा मारताना ते जरा शपथेवर सांगितल्यासारखं वाटतं.

आता प्रश्न असा की वर्तमानकाळाला हा अधिकार मिळाला कुठून? नेहमीचं उत्तर : गोष्ट जवळची असते म्हणून. आपल्या व्याकरणातही याला 'संनिहित भविष्यकाळ' म्हणतात, संनिहित म्हणजे जवळचा. आणि हे काही नवं नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत (3.3.131) सांगून ठेवलंय की वर्तमानाच्या जवळच्या भूत-भविष्यासाठी वर्तमानाची रूपं विकल्पाने चालतात. 'कधी जाणार?' असं विचारलं की 'हा निघतो' म्हणणारा माणूस तेव्हाही होता.

पण 'जवळ' म्हणजे कॅलेंडरवर जवळ, असं घेतलं तर स्पॅनिशमध्ये आपली फजिती होते. 'पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो' हे स्पॅनिश माणूस वर्तमानकाळात अगदी आरामात सांगतो. वर्ष काही जवळ नाही. उलट आकाश भरून आलंय, पाऊस तासाभरावर आहे, तरी तो सहसा 'पाऊस पडतो' म्हणत नाही. तो म्हणेल 'बा आ योबेर', पाऊस पडणार आहे. मराठीतही 'उद्या सोमवार आहे' चालतं, 'उद्या गाडी सुटते' चालतं, पण 'उद्या पाऊस पडतो' म्हटलं की ऐकणारा आपल्याकडे बघत राहतो. सोमवार पंचांगात ठरलेला आहे, गाडी वेळापत्रकात ठरलेली आहे, माझं जाणं माझ्या मनात ठरलेलं आहे. पाऊस कुणीच ठरवलेला नाही.

म्हणजे अंतर दिवसांचं मोजायचं नाही, ठरण्याचं मोजायचं. जाणं उद्या आहे, पण जायचं ठरलंय ते आज, आणि क्रियापद त्या ठरण्याला चिकटलंय. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात हाच पेच धरला होता. जे अजून झालंच नाही ते 'आहे' कसं म्हणायचं? त्याचं उत्तर असं की भविष्य आपल्यापाशी असतं ते अपेक्षेच्या रूपात, आणि अपेक्षा तर आत्ताची. 'बोय' म्हणणाऱ्या माणसाने ऑगस्टीन वाचलेला नसतो, पण व्याकरणात तो तेच करतो.

गंमत पुढे आहे. स्पॅनिशचा जो रीतसर भविष्यकाळ, 'कोमेरे' म्हणजे खाईन, तोही मुळात वर्तमानच. 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'ए' म्हणजे 'माझ्याकडे आहे', हे दोन जोडून तो झालाय. आपलं 'मला खायचं आहे' आठवा, तसंच काहीसं. 1492 साली नेब्रिहाने आपल्या कास्तिलियन व्याकरणात ही जोडणी नोंदवली होती. जुन्या स्पॅनिशमध्ये तर या दोन तुकड्यांच्या मधे सर्वनाम बसायचं, इतका सांधा सैल होता.

ठरलेल्याचा हा काळ हुकूमही देतो. 'आता तू जातोस आणि तिची माफी मागतोस', हे आई जसं म्हणते, तसंच स्पॅनिश आईही वर्तमानकाळात म्हणते. विचारायला जागाच ठेवत नाही.

आणि निरोप! स्पेनमध्ये दोन मिनिटांसाठी बाहेर जाणारा 'आओरा बेंगो' म्हणतो, अक्षरशः 'आत्ता येतो'. उंबऱ्यावर 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. फरक एवढाच की आपल्या 'येतो'मागे अशुभ टाळण्याचा भाव आहे, तिथे नुसतं लगेच परतणं. मात्र दाराची घंटा वाजल्यावर आपण 'आलो, आलो' म्हणतो, म्हणजे थेट भूतकाळात जातो! स्पॅनिश माणूस 'या बोय' म्हणतो, शब्दशः 'आता जातो'. कारण बोलणारा आहे तिथून निघण्याला तो 'येणं' म्हणत नाही.

मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. 'खिडकी उघडू?' याला स्पॅनिशमध्ये साधा वर्तमानकाळ लागतो, 'आब्रो ला बेन्ताना?' 'काय करायचं?' यालाही तसंच, 'के आसेमोस?' 'पाऊस आला तर' इथे आपण भूतकाळी रूप वापरतो, स्पॅनिशमध्ये 'सी युएबे', पुन्हा वर्तमान. या 'सी'नंतर, म्हणजे 'जर'नंतर, भविष्यकाळ घालायचाच नाही, हे पाठ केलेलं बरं.

मग भविष्यकाळाच्या रूपाला काम काय उरलं? बरंच उरलं. त्यातलं एक अगदी आपल्या घरचं आहे : 'सेरान लास दिएस', दहा वाजले असतील. रूप भविष्याचं, गोष्ट आत्ताची. जे ठरलंय ते उद्याचं असलं तरी वर्तमानात जातं, आणि जे नक्की ठाऊक नाही ते आत्ताचं असलं तरी भविष्यात जातं. 'तो घरी असेल' म्हणताना आपणही घड्याळाकडे बघत नसतो. अंदाजाचं हे प्रकरण मोठं आहे, ते पुढच्या वेळी घेतो.