आवाजाची तार किती जाड हवी?



पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा या डोंगराळ भागात साखरशेत नावाचे गाव आहे. समजा, तेथे एक नवे घर बांधले जात आहे. भिंती उभ्या आहेत, पण गिलावा अजून व्हायचा आहे. वायरमन तारांसाठी भिंतींत झिऱ्या पाडीत आहे. घरच्यांना पुढच्या खोलीत टीव्हीच्या भोवती पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर बसवायचा आहे. त्यांच्या ताराही आताच भिंतीत घालाव्यात, असे ठरले. वायरमनजवळ पातळ तारेचे भेंडोळे शिल्लक आहे. "आवाजच तर न्यायचा आहे, जाड तार हवी कशाला?" असे कोणी विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल? उत्तर आजच द्यायला हवे. एकदा गिलावा झाला, की तार बदलण्यासाठी भिंत फोडावी लागते!

प्रथम हे लक्षात घ्या, की तारेतून आवाज जात नाही. जातो तो विद्युतप्रवाह. अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे प्रवर्धक, आवाजाच्या कंपनांप्रमाणे कमीजास्त होणारा प्रवाह तारेत सोडतो. स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे असते. प्रवाहाबरोबर ते मागेपुढे हलते, त्याला जोडलेला कागदी शंकू हलतो आणि हवेत ध्वनिलहरी उठतात.

आता थोडे गणित करू. 60 वॅटच्या विजेच्या दिव्याचा रोध, तो 230 व्होल्टवर जळत असताना, सुमारे 880 ओहम असतो. तारेचा रोध 1 ओहम असला, तरी दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. स्पीकरची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचा संरोध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, साधारणपणे 4 किंवा 8 ओहमच असतो. येथे 1 ओहमची तार म्हणजे अर्ध्या वाटेवर बसलेला जकातदारच!

तांब्याच्या 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या, 1 मीटर लांब तारेचा रोध सुमारे 0.017 ओहम असतो. मागच्या स्पीकरची तार भिंतीतून वर चढते, छताखालून जाते आणि पुन्हा खाली उतरते. ही वाट 15 मीटर धरू. प्रवाहाला जायला एक आणि परतायला एक तार लागते, म्हणून एकूण लांबी 30 मीटर झाली. तार 0.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर रोध सुमारे 1 ओहम होतो. स्पीकर 4 ओहमचा असेल, तर पाठवलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा भिंतीतली तार तापवण्यातच खर्ची पडेल. तीच तार 2.5 चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध 0.2 ओहम होतो आणि नुकसान 5 टक्क्यांच्या आत राहते. तारेचा रोध स्पीकरच्या संरोधाच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावा, हा व्यवहारातला नियम याच हिशेबावर बेतलेला आहे. स्पीकर 8 ओहमचा असेल, तर एवढ्याच अंतराला 1.5 चौरस मिलिमीटरची तार पुरते.

मग सबवूफरला सर्वांत जाड तार लागत असेल, नाही का? बहुधा नाही! घरगुती सबवूफरच्या पेटीत बहुधा त्याचा स्वतःचा प्रवर्धक असतो. त्याला शक्ती विजेच्या प्लगमधून मिळते. बाहेरून येतो तो केवळ क्षीण संदेश. तेथे प्रवाह इतका अल्प असतो, की तारेचा रोध गौण ठरतो. मात्र तेथे दुसराच शत्रू टपलेला असतो. आपल्या घरातील वीज सेकंदाला 50 वेळा दिशेचे आवर्तन पुरे करते, आणि सबवूफरचे कामच मुळी सुमारे 20 ते 120 हर्ट्झच्या आवाजांचे! विजेच्या तारेचा प्रभाव संदेशाच्या तारेवर पडला, की सबवूफर इमानेइतबारे 'हूंऽऽ' असा घुमू लागतो. म्हणून येथे आत एक तार आणि भोवती धातूच्या जाळीचे कवच असलेली केबल वापरतात.

फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिले, की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युतदाब निर्माण करते. विजेची तार आणि आवाजाची तार शेजारी शेजारी समांतर धावल्या, तर हा परिणाम वाढतो. म्हणून दोन्हींत एखादा फूट अंतर ठेवावे, आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. दोन्ही तारा एकाच पाइपात तर कधीच घालू नयेत. तेथे प्रश्न केवळ घुमण्याचा नाही. तारेचे आवरण खरचटले, तर 230 व्होल्टचा दाब स्पीकरच्या तारेत उतरेल आणि ती जिवावर बेतेल.

सबवूफर कोठे ठेवावा? डोंगरापलीकडच्या पाड्यावर वाजणारा ढोल ऐकू येतो, पण तो नेमका कोठे वाजतो ते चटकन सांगता येत नाही. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते. अशी लांब लहर अडथळ्यांना वळसा घालते आणि तिची दिशा कानाला सहज कळत नाही. त्यामुळे सबवूफर समोरच ठेवला पाहिजे असे नाही. खोलीत दोन ठिकाणी जोडणीची सोय ठेवली, तर जेथे आवाज चांगला येईल तेथे तो हलवता येतो.

शाळेच्या मैदानावरचे कर्णे तर 100-200 मीटर दूर असतात. तेथे किती जाड तार घ्यायची? तेथे युक्ती वेगळी आहे. 8 ओहमच्या स्पीकरला 10 वॅट द्यायचे, तर सुमारे 1.1 अँपिअर प्रवाह लागतो. परंतु रोहित्राने दाब 100 व्होल्टपर्यंत चढवला, तर 0.1 अँपिअर पुरतो. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ते सुमारे 125 पटींनी घटते. कर्ण्याजवळचे दुसरे रोहित्र दाब पुन्हा उतरवते. धरणावरची वीज उच्च दाबाने शहरात नेतात, ती याच कारणासाठी!

शेवटी एक प्रयोग. गिलाव्यापूर्वी तारेचे एक टोक मोठ्या शंकूच्या स्पीकरला जोडा. दुसरे टोक प्रवर्धकाला न जोडता 1.5 व्होल्टच्या घटाला क्षणभरच टेकवा. 'खट्' आवाज आला, तर तार सलग आहे. घटाचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाशी जोडले गेले असेल, तर शंकू बाहेर सरकेल. प्रत्येक स्पीकर असा तपासा. एकाची टोके उलट जोडली गेली, तर एक शंकू हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो, आणि खर्जाचा आवाज क्षीण होतो. हा दोष आज दोन मिनिटांत सापडतो. तपासणी झाली, की तारांच्या टोकांना चिठ्ठ्या बांधा, पाइपात एक जादा दोरी ओढून ठेवा आणि मगच गवंड्याला गिलाव्याला बोलवा.