मवाबचा राजा मेशा : एक वैर, दोन साक्षी

मृत समुद्राच्या पूर्वेकडील मवाब देशाचा राजा मेशा हा हिब्रू धर्मग्रंथांत ‘२ राजे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात भेटतो. तो इस्राएलच्या राजास एक लाख कोकरे आणि एक लाख एडक्यांची लोकर खंडणीदाखल देई. अहाबाच्या मृत्यूनंतर त्याने बंड केले. तेव्हा इस्राएल, यहूदा व अदोम या तिन्ही देशांच्या राजांनी त्याच्यावर स्वारी केली.

प्रतिपक्षाची बाजू १८६८ साली उजेडात आली. धीबान येथे मेशाचाच ३४ ओळींचा शिलालेख सापडला. दुसऱ्याच वर्षी तो फोडला गेला. परंतु तत्पूर्वी ओल्या कागदावर ठसा घेतलेला असल्याने पाठ बव्हंशी वाचला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

भाषाभ्यासकास या लेखाचे विशेष महत्त्व वाटावयास हवे. मवाबी आणि हिब्रू या भाषा इतक्या निकटच्या आहेत की, ‘पुष्कळ दिवस’ या अर्थी हिब्रूत ‘यामीम रब्बीम’ येते, तर येथे त्याच शब्दांच्या अंती ‘म’ऐवजी ‘न’ आहे. (लेखात स्वरचिन्हे नाहीत, तेव्हा उच्चाराविषयी सावधच राहावे.) परंतु साम्य प्रत्ययांपुरते नाही. नबो नगर घेऊन आपण तेथील सात हजार जणांचा वध केला, कारण ते नगर देवतेस ‘अर्पण’ केले होते, असे मेशा सांगतो. तेथे योजलेला धातू ‘ह-र-म’ हाच यहोशवाच्या यरीहोविजयाच्या कथेत आहे. वैरी एकाच शब्दाने संहार करीत होते.

याच दृष्टीने ‘२ राजे’मधील त्या अध्यायाचा शेवट पाहावा. कीर-हरेसेथला वेढा पडला असता मेशाने आपल्या ज्येष्ठ पुत्राचा तटावर होम केला. त्यावर इस्राएलवर ‘मोठा कोप’ झाला व सैन्य परतले. कोप कोणाचा, हे हिब्रू लेखक सांगत नाही. शिलालेखात मात्र अम्रीने मवाबला गांजले याचे कारण स्पष्ट दिले आहे : कमोश देव स्वतःच्या भूमीवर कोपला होता. हाच कोप आता शत्रूवर उलटला, असे मवाबी श्रोत्याने खचित म्हटले असते. माझ्या मते हिब्रू लेखकाचे मौन अनवधानाचे नव्हे. ते नाव उच्चारणे त्याला परवडणारे नव्हते.

अर्थात मेशाही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. या वेढ्याचा व पुत्राच्या बलीचा त्याच्या उपलब्ध पाठात उल्लेख नाही. आणि इस्राएल कायमचे नष्ट झाले असे तो कोरवितो, तरी ते राज्य त्यानंतर शंभरावर वर्षे, इ. स. पू. ७२२ च्या सुमारापर्यंत, टिकून होते.