लिहायचंय? मग दुर्गाबाई वाचा!

‘मला लेखक व्हायचंय,’ असं सांगणारी मुलंमुली कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास भेटतात. ‘मला अमुक एका गोष्टीबद्दल लिहायचंय,’ असं सांगणारी मात्र शोधावी लागतात. पहिल्या गटाचे प्रश्नही ठरलेले. रोज लिहू की मूड आला की लिहू? इन्स्टावर टाकू की दिवाळी अंकाला पाठवू? एआयकडून थोडं नीट करून घेतलं तर चालेल ना? आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून विचारलेला खरा प्रश्न : मनातलं खरं लिहिलं आणि लोक तुटून पडले, तर?

या प्रश्नांची उत्तरं देणारे व्हिडीओ ढिगाने सापडतील. पण एका मराठी बाईंनी ती आपल्या लिहिण्यातून आणि जगण्यातून केव्हाच देऊन ठेवली आहेत. दुर्गा भागवत. जन्म १० फेब्रुवारी १९१०, इंदूरचा. निधन ७ मे २००२, मुंबईत. मराठी ललित निबंधाचं नाव काढलं की त्यांचं नाव टाळताच येत नाही आणि मराठीतल्या स्पष्टवक्त्या माणसांची यादी केली तरी त्या पहिल्या काही नावांत येतात. खालचे सल्ले त्यांच्या शब्दांतले नाहीत. त्यांनी जे केलं, त्यातून आज लिहू पाहणाऱ्याने काय उचलावं, एवढंच इथे मांडलंय. गोड बोलून सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आधी बघा

दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. विषय काय, तर चैत्र ते फाल्गुन हे बारा महिने. झाडं, फुलं, पाखरं, पाऊस, आभाळाचे रंग. ना कथानक, ना नायक, ना सस्पेन्स. तरीही पिढ्यान् पिढ्या हे पुस्तक वाचलं जातंय. कारण लिहिणाऱ्या बाईंनी आधी डोळे उघडे ठेवून बघितलंय. कुठल्या झाडाला पालवी कधी फुटते, ती फुटताना कुठल्या रंगाची असते आणि दोन आठवड्यांनी तिचं काय होतं, हे त्यांना ठाऊक आहे.

आपण काय करतो? ‘हिरवागार निसर्ग’, ‘रिमझिम पाऊस’, ‘मन प्रसन्न झालं’ असे तयार शब्द उचलतो आणि चिकटवतो. हे शब्द चुकीचे नाहीत, उष्टे आहेत. ते लिहायला घराबाहेर पडावंच लागत नाही. म्हणून तर एआय ते आपल्यापेक्षा झटपट लिहून देतं. यंत्राकडे जगातले सगळे ‘हिरवेगार निसर्ग’ आहेत. तुमच्या बसस्टॉपमागच्या पिंपळाला मार्चमध्ये आलेली तांबूस, चकचकीत पानं मात्र त्याने पाहिलेली नाहीत. ती तुम्हीच बघायची आहेत.

करून बघा. कॉलेजच्या वाटेवरचं एक झाड निवडा. बहावा, ताम्हण, पांगारा, शिरीष, काहीही. आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि पाच ओळी लिहा. फोटो काढायचा नाही, कारण फोटो काढला की बघायचं काम आपण फोनवर सोपवून मोकळे होतो. ‘सुंदर’ हा शब्द वर्षभर वापरायचा नाही. वर्षाअखेरीस तुमच्याकडे अडीचशेच्या वर ओळी असतील आणि त्यातल्या वीस तरी फक्त तुमच्या असतील. सुरुवातीला वीस पुरेत.

वाचनाचं कुंपण मोडा

‘मी फक्त फिक्शन वाचते’ किंवा ‘मी सेल्फ-हेल्पवाला आहे’ हे आपण ऐटीत सांगतो. दुर्गाबाईंचा पसारा बघा. बौद्धांच्या प्राचीन न्यायव्यवहारावर त्यांनी अभ्यास केला. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहिली. जातककथा मराठीत आणल्या. अस्वल या एकाच प्राण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि ‘खमंग’ नावाचं पाककृतींचंही! मुंबईत फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं वाचत, टिपणं काढत घालवली.

याचा लिखाणाशी संबंध काय? ‘पैस’ घ्या. या निबंधसंग्रहाला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या नावामागे आहे नेवाशाचा खांब. ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. तुम्हीआम्ही गेलो तर एक दगडी खांब बघून, सेल्फी घेऊन परत येऊ. दुर्गाबाई तिथे उभ्या राहतात तेव्हा त्यांच्यासोबत इतिहास असतो, संतसाहित्य असतं, लोकांच्या श्रद्धेचा अभ्यास असतो. म्हणून एका खांबावर निबंध होतो. निबंध लिहिताना जे कागदावर येतं त्याच्या कितीतरी पट डोक्यात असावं लागतं. तिथे खडखडाट असेल तर वाक्यं कितीही सजवा, आतला पोकळपणा ऐकू येतोच.

त्यामुळे जवळचं ग्रंथालय गाठा. पुण्यात असाल तर १८४८ सालापासूनचं नगर वाचन मंदिर आहे, ठाण्यात १८९३चं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तालुक्याच्या गावीही एखादं वाचनालय असतं, फक्त तिथली पोरं तिकडे फक्त स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी जातात. दर महिन्याला एक पुस्तक असं घ्या, ज्याचा तुमच्या आवडीशी काडीचाही संबंध नाही. मधमाश्या, विहिरी, पेशव्यांच्या काळातले हिशेब, काहीही चालेल.

आजीची भाषा आधी गोळा करा

लोकसाहित्याचा अभ्यास म्हणजे ज्यांना कुणी लेखक म्हणत नाही, त्यांचं साहित्य मन लावून ऐकणं. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कहाण्या, म्हणी. बायकांनी दळताकांडताना रचलेल्या या वाङ्मयाकडे दुर्गाबाईंनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं. ‘खमंग’मागेही तीच नजर आहे. स्वयंपाक हीसुद्धा एक संस्कृती आहे आणि तीही नोंदवायला हवी.

आपल्याकडे मात्र लिहायला बसलं की घरची भाषा बाहेर चप्पल काढावी तशी काढून ठेवली जाते. घरात अहिराणी, मालवणी नाहीतर वऱ्हाडी बोलणारा मुलगा कथेत एकदम ‘तिने मंद स्मित केले’ असं लिहितो. अरे, तुझ्या गावात कोण मंद स्मित करतं? आजीला विचार, ती गालातल्या गालात हसण्याला काय म्हणते. शेतातल्या अवजारांना, भाकरीच्या पहिल्या पापुद्र्याला, सुनेच्या रागाला तिच्याकडे शब्द आहेत. ती आहे तोवर ते लिहून घे. नंतर हा कोश कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

प्रश्न विचारायला घाबरू नका

‘व्यासपर्व’ (१९६२) हे महाभारतातल्या व्यक्तिरेखांवरचं पुस्तक. सगळ्यांनी हजारदा ऐकलेली माणसं. कृष्ण, एकलव्य, अश्वत्थामा, द्रौपदी. त्यांच्यावर नवीन काय लिहिणार? दुर्गाबाई घासून गुळगुळीत झालेलं काही सांगत बसत नाहीत, त्या मूळ संहितेकडे जातात आणि स्वतः विचार करतात. महाभारतात भर सभेत द्रौपदी विचारते, की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का? सभेतल्या मोठमोठ्यांना याचं सरळ उत्तर देता आलं नाही. निबंध लिहू पाहणाऱ्याने हा प्रसंग पाठ करून ठेवावा. आरडाओरडा न करता नेमका प्रश्न विचारला, की अख्ख्या सभेची मान खाली जाते.

म्हणून ‘हॉट टेक’ द्यायची घाई नको. ज्या विषयावर चिडलाय, त्यातला असा एक प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर समोरच्याला टाळता येणार नाही. तो सापडेपर्यंत पोस्ट ड्राफ्टमध्येच राहू दे.

स्पष्ट बोलायचं, पण कुणासमोर?

आता त्या खालच्या आवाजातल्या प्रश्नाकडे येऊ.

साल १९७५. २५ जूनला आणीबाणी लागू झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते तुरुंगात गेले. डिसेंबरमध्ये कराडला ५१वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच केंद्र सरकारातले ज्येष्ठ मंत्री आणि कराडचे घरचेच. तुरुंगात प्रकृती ढासळलेले जयप्रकाश नारायण तेव्हा नुकतेच सुटून मुंबईत जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध तोंड उघडलं आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उपस्थितांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. मंत्री समोर असताना! पुढे १९७६मध्ये त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

या प्रसंगात तीन गोष्टी बघा. एक, त्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलल्या. फेक अकाउंटवरून नाही. दोन, त्या आपल्यापेक्षा ताकदवानांसमोर बोलल्या. आपण बहुतेक वेळा ‘परखड’ होतो ते कुणावर? एखाद्या नवख्या नटीवर, मराठी चुकीचं बोलणाऱ्या मुलावर, वर्गातल्या जाड्या पोरीवर. त्याला परखडपणा म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात. तीन, त्यांनी किंमत मोजायची तयारी आधी केली आणि मग तोंड उघडलं.

शिवाय त्यांच्या शब्दाला वजन होतं, ते त्यामागे पंचवीस-तीस वर्षांचा अभ्यास होता म्हणून. त्यांची सगळी मतं पटायलाच हवीत असं अजिबात नाही. त्यांच्याशी वाद घालणारे तेव्हाही होते. पण वाद घालायचा तर तुम्हालाही वाचून यावं लागायचं. स्पष्टवक्तेपणाचा हा फायदा कुणी लक्षात घेत नाही, की तो समोरच्यालाही अभ्यासाला लावतो.

लोक तुटून पडतील का? पडतील. मात्र सगळ्यांच्या रागाला एकच माप लावू नका. जो तुमच्या वाक्यातली चूक दाखवतो, त्याला उत्तर द्या, जमलं तर आभारही माना. जो तुमची जात, कपडे, आईवडील काढतो, त्याला ब्लॉक करा आणि जेवायला बसा.

हात मोकळे ठेवा

दुर्गाबाईंनी सरकारी मानसन्मान घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि पद्मश्रीही नाकारली. तुम्हाला उद्या कुणी पद्मश्री द्यायला येणार नाहीये, पण मोहाची लहान रूपं कॉलेजपासूनच सुरू होतात. स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, कॅफेच्या फुकट कॉफीवर लिहिलेला ‘प्रामाणिक’ रिव्ह्यू, स्पर्धेच्या परीक्षकांना आवडेल तसा वाकवलेला शेवट. पैसे घेऊन लिहिण्यात पाप काहीच नाही. जाहिरात लिहा, स्क्रिप्ट लिहा, बिल पाठवा, पाठपुरावा करा. फक्त विकलेलं लिखाण आणि स्वतःचं लिखाण यांच्या वह्या वेगळ्या ठेवा.

पैशाचं निघालंच आहे म्हणून सांगते. मराठीत पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायलाही अनेकदा वर्षं लागतात. लेखनावर घर चालेल या हिशेबाने नोकरी सोडू नका. ‘तुमचं पुस्तक आम्ही काढतो, तुम्ही फक्त खर्च द्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, की प्रती कुठे आणि कशा विकणार. उत्तर गुळमुळीत आलं की नमस्कार करा. दिवाळी अंकाची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे आणि आजही नवख्याला तिथे दार उघडतं. पण अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा ऑक्टोबरात मेल टाकून ‘उत्तर आलं नाही’ म्हणू नका.

अडलात तर भाषांतर करा

सुरुवातीच्या काळात मध्य प्रदेशातल्या आदिवासींमध्ये पीएच.डी.चं संशोधन करताना दुर्गाबाईंना विषबाधा झाली. आजारपण वर्षानुवर्षं लांबलं आणि पीएच.डी. राहून गेली. लेखणी मात्र थांबली नाही. पदवी गेली म्हणून अभ्यास जात नाही, हे ॲडमिशन हुकलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

थोरोचं ‘वॉल्डन’ त्यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने १९६५ साली मराठीत आणलं. हा थोरो म्हणजे गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून १८४६मध्ये एक रात्र तुरुंगात काढणारा माणूस. त्याचं वाक्य न् वाक्य मराठीत आणणाऱ्या बाई दहा-अकरा वर्षांनी स्वतः तुरुंगात गेल्या, हा योगायोग म्हणायचा की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. पण एवढं नक्की, की भाषांतरासारखं सावकाश वाचन दुसरं नाही. स्वतःचं काही सुचत नसेल तेव्हा आवडत्या हिंदी किंवा इंग्रजी लेखाची दोन पानं मराठीत करा. प्रत्येक शब्दाशी झटापट होईल. ‘माझ्याकडे शब्दच नाहीत’ हे रडगाणं त्या झटापटीतच थांबतं.

तर, या रविवारी एवढंच करा. ‘ऋतुचक्र’ मिळवा आणि सध्या चालू असलेल्या मराठी महिन्याचं प्रकरण वाचा. कुठला महिना चालू आहे ते माहीत नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयात बघा. मग चपला घालून खाली उतरा आणि बाईंनी लिहिलंय त्यातलं काय आजही दिसतं, काय दिसेनासं झालंय, ते वहीत उतरवा. जे दिसेनासं झालंय, ते का झालं आणि कुणी केलं, हा प्रश्न पडला तर तुमच्या पहिल्या निबंधाला विषय मिळाला. तो लिहा, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला.