घरच्या शाळेतील गणित : पुस्तक केव्हा बदलावे?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा प्रयोग करणारी कुटुंबे आपल्याकडेही तुरळक दिसू लागली आहेत. भाषा, इतिहास, निसर्ग हे विषय घरात सहज रमतात. अडते ते गणितापाशी. मूल भागाकाराला रडू लागले की आईबापांचा पहिला संशय पुस्तकावर जातो. दुसरे पुस्तक येते, सहा महिन्यांनी तिसरे. या धरसोडीत मुलाचे काय होते, आणि पुस्तक खरोखर केव्हा बदलावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

गणिताची पुस्तके केवळ सोपी वा अवघड नसतात. त्यांची वाटच निराळी असते. सिंगापूरच्या प्राथमिक गणितात मूल आधी वस्तू हाताळते, मग चित्र पाहते आणि शेवटी अंक लिहिते. शाब्दिक उदाहरणातील माहिती ते आयताकृती पट्ट्या काढून मांडते. उलट अमेरिकेतील जॉन सॅक्सन यांच्या पुस्तकांत नवा भाग थोडाथोडा येतो आणि मागील भागांची उदाहरणे रोजच्या सरावात मिसळलेली असतात. दोन्ही वाटा मुक्कामाला पोचविणाऱ्या आहेत. परंतु पट्ट्यांची आकृती कधी न पाहिलेल्या मुलापुढे सिंगापूरचे चौथीचे पुस्तक ठेवले, तर गणित येत असूनही ते गोंधळून जाते.

घरातल्या घरातही असा गोंधळ होतो. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. एक रीत सांगते की, पाच दशकांतील एक सुटे करा; बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. दुसरी रीत वरच्या एककात दहा मिळविते आणि खालच्या दशकात एक. म्हणून ती पाचातून तीन वजा करते. उत्तर दोन्हींचे २५ च. पण पुस्तक पहिली रीत शिकवीत असता आजोबांनी दुसरी सांगितली, तर मूल वरचा आकडा एकने कमी करते आणि खालचा एकने वाढविते! उत्तर येते १५. येथे दोष ना पुस्तकाचा, ना आजोबांचा. दोन रीतींची सरमिसळ झाली इतकेच.

म्हणून पुस्तक बदलण्यापूर्वी चूक वाचावयास शिकले पाहिजे. ४१२ ला ४ ने भागून मुलाने १०३ ऐवजी १३ लिहिले, तर त्याला भागाकार येत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एका दशकाचे चार समान वाटे करताना एकही पूर्ण दशक कोणाच्या वाट्याला येत नाही, म्हणून तेथे शून्य मांडावे लागते. ही स्थानिक किमतीची जाण कच्ची आहे. ती नवे पुस्तक आणल्याने पक्की होणार नाही. काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन चार दिवस बसल्याने होईल.

मग बदलावे केव्हा? मूल उदाहरणे भराभर सोडविते, पण 'असे का?' याचे उत्तर त्याला देता येत नाही, तेव्हा वस्तू व चित्रे यांवर भर देणारे पुस्तक घ्यावे. उलट त्याला सारे उमगते, पण साध्या बेरजेलाही बोटे मोजावी लागतात, तेव्हा सरावाचे घ्यावे. शिकविणाऱ्यालाच पुस्तकाची रीत पटत नसेल, तर तेही कारण पुरेसे आहे.

बदलताना मात्र वय वा इयत्ता पाहू नये. नव्या पुस्तकातील प्रत्येक प्रकरणाची चारदोन उदाहरणे तोंडी विचारावीत आणि जेथे मूल अडखळते तेथून आरंभ करावा. पाचवीच्या वयाच्या मुलाला तिसरीचे पुस्तक लागले, तर मुखपृष्ठावर कागदाचे वेष्टन घालावे. इयत्तेचा आकडाच मुलाच्या मनाला लागतो.

घरी शिकणाऱ्याला एक मोठी सवलत आहे, ती वेळेची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक, म्हणजे दहावीच्या, अभ्यासक्रमाला वयाच्या चौदाव्या वर्षानंतर प्रवेश घेता येतो. तोवर दरवर्षी एक पुस्तक संपविलेच पाहिजे अशी सक्ती घरात कोणाची? पुस्तके बदलता येतात, मागे जाऊन पुन्हा वाचता येतात. पण दरखेपेस नव्या पुस्तकापुढे बावरलेले मूल एकदा 'मला गणित येतच नाही' असे मनाशी ठरवून बसले, की ते मत बदलणे फार कठीण जाते. पुस्तकाची निवड करताना जपावयाचे ते हेच.