विकतचा गडी आणि घडवलेला संघ

उत्तम खेळाडू गोळा केले की अजिंक्यपद हाती येते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शौकिनांचा वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कामगारांमध्ये वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना तो मुळीच परका नाही. तयार कारागीर बाहेरून आणावा की उमेदवार घेऊन शिकवावा, हा वाद प्रत्येक कारखान्यात चालू असतो. कारखान्यात त्याचा निकाल लागण्यास वर्षे जातात. कबड्डीत तो दर साल गुणफलकावर लागतो. म्हणून आम्ही कबड्डीचाच दाखला घेतो.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तिच्यात खेळाडूंचा लिलाव होतो, पण खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखीच असते. २०२३ च्या लिलावात ती पाच कोटी रुपये होती. तेव्हा ज्याची थैली मोठी तो जिंकला, असे येथे म्हणता येत नाही. प्रश्न उरतो तो पैसा कोठे घातला एवढाच.

त्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एका गड्यावर गेला. पवनने स्वतः गुणांची कमाई भरपूर केली. तरी संघाने २२ सामन्यांपैकी अवघे २ जिंकले आणि बारा संघांत तो शेवटी राहिला.

यावरून कोणी म्हणेल की महागडा खेळाडू घेणेच चूक. थांबा. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. तीही जवळजवळ निम्मी रक्कमच. आणि पलटणने १७ सामने जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत सोडवले, व १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून अजिंक्यपद मिळवले. खर्च सारखा, फळ मात्र उलटे. असे का व्हावे?

उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. चढाई करणारा बाद झाला की तो बाहेर बसतो. त्याला पुन्हा आत यावयाचे तर त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी टिपला पाहिजे. म्हणजे दोन-अडीच कोटींचा वीर मैदानात किती वेळ राहणार, हे चार-सहा लाखांच्या सोबत्यावर ठरते. पकडीचेही तेच. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला की शेजारच्याने त्याच क्षणी झेप घेतली पाहिजे. अर्ध्या निमिषाचा उशीर झाला तर चढाईपटू दोघांनाही घेऊन मध्यरेषा गाठतो. ही समज लिलावात मिळत नाही. ती रोज संध्याकाळी एकत्र घाम गाळून येते.

पलटणपाशी असे सोबती होते. कर्णधार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत २०२१-२२ च्या हंगामापासून पुण्याकडूनच खेळत होते. पंकज मोहिते त्याही आधीपासून. ही मुले तरुणपणीच हेरून राखलेली, म्हणून लिलावाच्या चढाओढीवाचून संघात राहिली. प्रशिक्षक बी. सी. रमेश हेही अनुभवी. २०१९ साली बंगाल वॉरियर्स अजिंक्य ठरला तेव्हा तेच त्याचे प्रशिक्षक होते. शादलू आला तो अशा उभ्या भिंतीवर शेवटचा थर द्यावा तसा.

शादलू २०२४ साली हरियाणाकडे गेला आणि त्या वर्षी हरियाणाने अजिंक्यपद पटकावले. तेही आपल्या शेजारी बालेवाडीत. मग विजय त्याच्याच पावलांनी चालतो काय? काही अंशी होय, हे आम्ही मान्य करतो. असामान्य गुणवत्तेला मोल आहेच. परंतु हरियाणा आदल्याच वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला, मनप्रीत सिंग यांच्या हाताखाली तयार झालेला संघ होता. आणि पलटणही शादलूवाचून २०२५ साली पुन्हा अंतिम सामन्यात उतरली. दिल्लीकडून हरली ती ३१-२८ अशी, केवळ तीन गुणांनी.

पाटणा पायरेट्सचे उदाहरण याहून बोलके आहे. लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवून देण्यात मोठा वाटा असलेला प्रदीप नरवाल २०२१ साली १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. लोक म्हणाले, पाटणा संपले. त्या हंगामात पाटण्याने उपांत्य सामन्यात यूपी योद्धालाच हरवले आणि अंतिम सामना अवघ्या एका गुणाने गमावला.

तेव्हा आमचा हिशेब असा: गुणी खेळाडूंवाचून कोणी जिंकत नाही; पण भरतीने संघ स्पर्धेच्या दारापर्यंत येतो, आत नेते ती जोपासना. नामांकित गड्याचा उपयोग शेवटच्या दोन-चार गुणांसाठी. ते दोन-चार गुण मोलाचे खरे, पण आधीचे पंचवीस दुसऱ्यांनी मिळवलेले असावे लागतात.

आता या हिशेबाचा आपल्या गावाशी संबंध पाहू. बारा संघांत मिळून फार तर तीनशे खेळाडू मावतात. ते येतात कोठून? भोसरीसारख्या गावांतल्या मंडळांच्या मैदानांतून, जेथे शिकवणारा बहुधा फुकट शिकवतो. एके काळी कारखाने खेळाडूंना कायम नोकरीवर घेत आणि कंपनीचे संघ उभे राहत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या कबड्डी स्पर्धा आजही होतात. पण ठेकेदारामार्फत सहा-आठ महिन्यांसाठी लागलेल्या पोराने तिन्ही पाळ्या सांभाळून सरावाला यावे कसे? गुडघा दुखावला तर तो पाळीलाही मुकतो आणि मैदानालाही. त्याचे घरचे मग खेळ सोड म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? लिलाव हा पोहरा आहे. तो कितीही मोठा केला तरी पाणी वाढत नाही. कारखानदारांनी खेळाडू मुलांना कायम नोकरी आणि सरावापुरती सवलत द्यावी, महापालिकेने मैदाने राखावी, आणि आम्ही कामगार संघटनांनी ही मागणी वेतनवाढीइतक्याच निकराने लावून धरावी. अजिंक्यपद पुण्याला मिळो वा पाटण्याला. आपल्या वस्तीतल्या पोराला तेथवर पोहोचण्याची वाट तरी मोकळी असली पाहिजे.